‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ आणि त्यात परत आलेले जुने चेहरे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टॉम वेलिंग पुन्हा क्लार्क केंट झाला, ब्रँडन राउथने पुन्हा सुपरमॅनचा झगा चढवला, १९९०चा फ्लॅश पुन्हा धावला. २०१९-२०मधल्या या पाच भागांबद्दल आजही प्रश्न येतात आणि त्यातले बरेचसे तेच ते असतात. म्हणून सगळी उत्तरं एका ठिकाणी. इथे शेवटासकट सगळं फोडलेलं आहे, तेव्हा अजून पाहिलं नसेल तर पहिले चार प्रश्न वाचा आणि बाकीचे नंतर.

१. ‘क्रायसिस’ म्हणजे नेमकं काय? चित्रपट, मालिका की एखादा विशेष भाग?

एकच गोष्ट, पण पाच वेगवेगळ्या मालिकांच्या पाच भागांत सांगितलेली. अमेरिकेतल्या ‘द सीडब्ल्यू’ या वाहिनीवर डीसीच्या सुपरहिरोंच्या बऱ्याच मालिका एकाच कथाविश्वात चालत. २०१२च्या ‘ॲरो’पासून सुरुवात झाली म्हणून त्या विश्वाला ‘ॲरोव्हर्स’ म्हणतात. दर वर्षी या मालिकांची पात्रं एकमेकांच्या घरी जात. त्या भेटीगाठींना क्रॉसओव्हर म्हणायचं. ‘क्रायसिस’ हा त्यातला सगळ्यात मोठा. मूळ कॉमिक १९८५-८६चं, बारा अंकांचं. लेखक मार्व्ह वुल्फमन, चित्रकार जॉर्ज पेरेझ.

२. कोणता भाग आधी पाहायचा? ओटीटीवर तर एकत्र सापडतच नाहीत.

सापडणार नाहीत, कारण प्रत्येक भाग आपापल्या मालिकेत लपलेला आहे. क्रम असा: पहिला ‘सुपरगर्ल’ सीझन ५, भाग ९ (८ डिसेंबर २०१९). दुसरा ‘बॅटवुमन’ सीझन १, भाग ९ (९ डिसेंबर). तिसरा ‘द फ्लॅश’ सीझन ६, भाग ९ (१० डिसेंबर). मग महिनाभराची सुट्टी. चौथा ‘ॲरो’ सीझन ८, भाग ८ आणि पाचवा ‘लेजंड्स ऑफ टुमॉरो’चा, दोन्ही १४ जानेवारी २०२० रोजी पाठोपाठ.

गडबड होते ती पाचव्यात. ‘लेजंड्स’चा हा भाग विशेष भाग म्हणून धरला गेल्यामुळे कुठे तो पाचव्या सीझनचा पहिला भाग म्हणून दिसतो, कुठे ‘स्पेशल’ अशा वेगळ्या कप्प्यात, तर कुठे गायबच. भागाच्या नावातलं ‘पार्ट फाइव्ह’ बघून शोधा, क्रमांकावर जाऊ नका. कोणती मालिका कोणत्या ॲपवर आहे हे सारखं बदलतं, त्यामुळे इथे नाव देऊन उपयोग नाही.

एकेक भाग साधारण चाळीस-बेचाळीस मिनिटांचा. एका रविवारी दुपारी जेवण उरकून बसलात तर संध्याकाळच्या चहानंतर थोडंसंच उरेल.

३. यातली एकही मालिका पाहिलेली नाही. थेट ‘क्रायसिस’ पाहिलं तर काही कळेल का?

कथा कळेल, पण काळजाला भिडणार नाही. किमान तयारी म्हणून डिसेंबर २०१८चा ‘एल्सवर्ल्ड्स’ हा तीन भागांचा क्रॉसओव्हर पाहा (‘द फ्लॅश’, ‘ॲरो’, ‘सुपरगर्ल’ या क्रमाने). बॅरी (फ्लॅश) आणि कारा (सुपरगर्ल) यांचा जीव वाचावा म्हणून ऑलिव्हर क्वीन (ॲरो) ‘मॉनिटर’ नावाच्या वैश्विक राखणदाराशी सौदा करतो, तो तिथेच. ‘क्रायसिस’ ही त्या सौद्याची वसुली आहे. शिवाय १९९०चा फ्लॅश आपल्या जुन्या पोशाखात तिथे पहिल्यांदा दिसतो आणि प्रश्न ८साठी ते महत्त्वाचं आहे.

जुन्या चेहऱ्यांसाठी मात्र कुठलीच उजळणी करू नका. ‘स्मॉलव्हिल’चे दहा सीझन पाहून मग ‘क्रायसिस’कडे वळायचं म्हणाल तर वर्ष जाईल. ज्यांनी ते पाहिलं आहे त्यांच्यासाठी ती भेट आहे. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना शेतावरचा एक देखणा, समाधानी माणूस दिसेल, आणि तेवढंही पुरतं.

४. अर्थ-१, अर्थ-३८, अर्थ-९६... हे आकडे कसले?

समांतर विश्वांचे. फ्लॅश आणि ॲरो अर्थ-१वर, सुपरगर्ल अर्थ-३८वर. ‘क्रायसिस’च्या लेखकांनी खरी चलाखी केली ती इथे: डीसीची आजवरची जवळजवळ प्रत्येक मालिका आणि कित्येक चित्रपट हेही असंच एकेक विश्व आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं. क्रमांकही खुणेचे आहेत. १९६६च्या ‘बॅटमॅन’ मालिकेला अर्थ-६६, १९८९च्या ‘बॅटमॅन’ चित्रपटाला अर्थ-८९, १९९०च्या ‘फ्लॅश’ला अर्थ-९०, आणि ‘लूसिफर’ला अर्थातच अर्थ-६६६. मग अँटी-मॉनिटर हा खलनायक ही विश्वं एकेक करून पुसत सुटतो. जुने कलाकार दाखवायला यापेक्षा सोयीचं निमित्त मिळालं नसतं.

५. एकूण कोण कोण परत आलं?

भागांनुसार, भराभर सांगतो.

पहिल्या भागाच्या सुरुवातीलाच १९८९च्या ‘बॅटमॅन’मधला पत्रकार अलेक्झांडर नॉक्स (रॉबर्ट वूल) आणि १९६६च्या मालिकेतला रॉबिन (बर्ट वॉर्ड). अर्थ-एक्सवरचा ‘द रे’ (रसेल टोव्ही) हा ॲरोव्हर्सचा आपलाच जुना माणूस. दुसऱ्या भागात टॉम वेलिंग आणि एरिका ड्युरन्स (‘स्मॉलव्हिल’, २००१-११), ब्रँडन राउथ (‘सुपरमॅन रिटर्न्स’, २००६), केविन कॉनरॉय (१९९२पासूनच्या ॲनिमेटेड बॅटमॅनचा आवाज) आणि जोना हेक्स झालेला जोनाथन शेख. तिसऱ्यात ‘बर्ड्स ऑफ प्रे’ (२००२-०३)मधली हंट्रेस म्हणजे ॲशली स्कॉट, सोबत डायना मेयरचा नुसता आवाज, टॉम एलिस (‘लूसिफर’) आणि जॉन वेस्ली शिप. चौथ्यात एझ्रा मिलर.

जॉन कॉन्स्टंटिन झालेला मॅट रायन या यादीत बसतो का, हा वादाचा मुद्दा. त्याची स्वतःची मालिका २०१४-१५मध्ये दुसऱ्या वाहिनीवर तेरा भागांत बंद पडली होती. ॲरोव्हर्सने त्याला २०१५मध्येच ‘ॲरो’मध्ये आणलं आणि नंतर ‘लेजंड्स’मध्ये कायमचं घर दिलं. ‘क्रायसिस’पर्यंत तो पाहुणा राहिलाच नव्हता. पण बंद पडलेल्या मालिकेतला माणूस त्याच चेहऱ्याने, त्याच भूमिकेत परत आणायची वाट या विश्वात त्याच्यापासून रुळली.

६. टॉम वेलिंग जेमतेम काही मिनिटं दिसतो. सुपरमॅनचा पोशाखही नाही. मग बोलावलं कशाला?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि बहुतेक वेळा रागाने विचारलेला. माझं मत उलट आहे: या पाच भागांतली सर्वांत हुशारीने लिहिलेली पाहुण्याची भूमिका हीच.

प्रसंग असा. ॲरोव्हर्सचा लेक्स लूथर मॉनिटरकडून चोरलेलं नियतीचं पुस्तक घेऊन विश्वाविश्वांत हिंडतोय आणि भेटेल तो सुपरमॅन संपवतोय. अर्थ-१६७वर तो केंटच्या शेतावर पोचतो, खिशातून क्रिप्टोनाइट काढतो आणि समोरचा माणूस गुडघ्यावर येण्याची वाट बघतो. काहीच होत नाही. हा क्लार्क तो हिरवा दगड हातात घेतो आणि बाजूला टाकतो. शक्ती त्याने केव्हाच सोडून दिल्यात, घरात मुली आहेत. लेक्सचा विश्वासच बसत नाही, कारण एवढी ताकद कुणी आपणहून सोडेल हे त्याच्या डोक्यात मावत नाही. तो हात उगारतो, क्लार्क एका ठोशात त्याला आडवा करतो आणि शक्ती नसल्या तरी तुझ्यापेक्षा बलवानच आहे असं सुनावतो.

‘स्मॉलव्हिल’ची दहा वर्षं आठवा. उडायचं नाही, पोशाख घालायचा नाही, हा त्या मालिकेचा सुरुवातीपासूनचा नियम होता आणि शेवटच्या भागातही वेलिंग पूर्ण पोशाखात धड दिसला नाही. इतक्या वर्षांनी त्याला दोन मिनिटांसाठी निळा सूट चढवून उडवणं म्हणजे फॅन्सी ड्रेस झाला असता. ज्यांना ‘आमच्या क्लार्कने शक्ती सोडल्याच नसत्या’ असं वाटतं, त्यांची तक्रार मात्र खरी आहे. ‘स्मॉलव्हिल’चा शेवट त्याला आकाशात सोडून झाला होता, शेतावर नाही. लेखकांनी तो शेवट मोडून दुसरा लावला, आणि तो न आवडण्याचा हक्क प्रेक्षकाला आहेच.

७. ब्रँडन राउथ ‘लेजंड्स’मध्ये रे पामर आहे. मग तोच सुपरमॅन कसा? दोघे एका दृश्यात कसे?

दोन वेगळी पात्रं, नट एकच. रे पामर (ॲटम) हा अर्थ-१चा शास्त्रज्ञ. अर्थ-९६चा सुपरमॅन म्हणजे राउथने २००६च्या ‘सुपरमॅन रिटर्न्स’मध्ये केलेलं पात्र, वयाने पुढे गेलेलं, कानशिलं पांढरी झालेली. लेखकांनी यावर विनोदही करून घेतले आहेत.

छातीवरचं चिन्ह पिवळ्याऐवजी काळं का, तेही इथेच सांगतो. हा वेश १९९६च्या ‘किंगडम कम’ या कॉमिकवरून घेतला आहे. त्या विश्वात जोकरने डेली प्लॅनेटच्या कचेरीत लोइससह सगळ्यांना मारलं, तेव्हापासून हा माणूस एकटा आहे.

२००६चा चित्रपट क्रिस्टोफर रीव्हच्या पहिल्या दोन सुपरमॅनपटांचा धागा धरून चालला होता. ‘क्रायसिस’ त्याहून एक पाऊल पुढे जातं. लेक्सच्या मंत्राने हा आणि ॲरोव्हर्सचा असे दोन सुपरमॅन आपसांत भिडतात, आणि नंतर राउथचा सुपरमॅन सांगतो की पिसाळून स्वतःशीच मारामारी करायची ही आपली पहिली वेळ नव्हे. हा टोमणा १९८३च्या तिसऱ्या सुपरमॅनपटातल्या भंगारवाड्यातल्या मारामारीला आहे. म्हणजे तिसरा चित्रपटही घडलेलाच धरायचा. चौथ्याबद्दल लेखकांनी मौन पाळलं आहे, आणि ते शहाणपणाचं आहे. (चौथ्याचा एक माणूस मात्र मागच्या दाराने आलाच. प्रश्न ११ पाहा.)

८. जॉन वेस्ली शिप नक्की कितवा फ्लॅश? तो फ्लॅशचा बाबा होता ना?

गोंधळ होणं साहजिक आहे, कारण या एका माणसाने चार गाठोडी वाहिली आहेत. १९९०-९१मध्ये तो सीबीएस वाहिनीवरच्या ‘द फ्लॅश’मध्ये स्वतः बॅरी ॲलन होता. एक सीझन झाला आणि मालिका बंद. २०१४च्या नव्या ‘फ्लॅश’मध्ये तो बॅरीचे वडील हेन्री ॲलन झाला. हेन्री गेल्यावर त्याच चेहऱ्याचा, दुसऱ्या विश्वातला फ्लॅश म्हणजे जे गॅरिक. आणि ‘एल्सवर्ल्ड्स’पासून पुन्हा आपला मूळ १९९०चा बॅरी, आता अर्थ-९०चा फ्लॅश म्हणून.

याचं मोल कळायला पाच वर्षं मागे जावं लागतं. २०१४च्या पहिल्याच भागाच्या शेवटी भविष्यातलं एक वर्तमानपत्र दिसतं: २५ एप्रिल २०२४, फ्लॅश क्रायसिसमध्ये नाहीसा. ती तारीख पुढे १० डिसेंबर २०१९वर ओढली गेली, म्हणजे नेमका तिसरा भाग ज्या दिवशी दाखवला तो दिवस. बॅरी मरणार हे सगळ्यांनी धरलेलंच. कॉमिकमध्येही तो तसाच जातो, प्रतिद्रव्याच्या तोफेपाशी धावता धावता.

तिसऱ्या भागात तोफ सापडते. तिला ऊर्जा मिळतेय ती ट्रेडमिलला जुंपलेल्या अर्थ-९०च्या फ्लॅशकडून. त्याला सोडवतात, मग तोफ थांबवायला उलट दिशेने धावणं भाग पडतं आणि नव्या मालिकेतला ग्रँट गस्टिनचा बॅरी निरोप घेऊन पुढे होतो. तेव्हा शिपचा फ्लॅश त्याचा वेग काढून घेतो. फ्लॅशने मरायला हवं असं मॉनिटर म्हणाला होता, कोणत्या फ्लॅशने हे कुठे म्हणाला होता? आणि तो धावू लागतो. मध्येच पडद्यावर १९९०च्या मालिकेचं खरं जुनं चित्रण येतं: तरुण शिप, टीना मॅकगी झालेली अमांडा पेज, मागे त्याच मालिकेचं संगीत. मेकअप नाही, संगणकाची करामत नाही. एकाच माणसाचे दोन चेहरे, मध्ये जवळजवळ तीस वर्षं.

१९९१मध्ये ती मालिका थांबली तेव्हा त्या बॅरीला निरोप असा मिळालाच नव्हता. पाच भागांतल्या सगळ्या पाहुण्यांत एखाद्याला शेवट दिला गेला असेल तर तो याला.

९. केविन कॉनरॉयसारख्या माणसाला खुनी बॅटमॅन का केलं?

दुसऱ्या भागात केट (बॅटवुमन) आणि कारा अर्थ-९९वर म्हाताऱ्या ब्रूस वेनला शोधायला जातात. विश्व वाचवणाऱ्या, एकेका गुणाचं प्रतीक असलेल्या सात जणांपैकी ‘धैर्य’ म्हणजे हाच असं त्यांना वाटतं. घरी भेटतो तो शरीराला यांत्रिक सांगाडा लावून चालणारा, कडवट माणूस. त्याने आपल्या शत्रूंना तर मारलंच, सुपरमॅनलाही मारलं आणि त्याचा चष्मा जपून ठेवलाय.

१९९२पासून पिढ्यान्‌पिढ्यांसाठी बॅटमॅनचा आवाज म्हणजे कॉनरॉय. हाडामांसाचा ब्रूस वेन त्याने पडद्यावर पहिल्यांदा केला तो इथे, आणि तोही असा. कथेच्या दृष्टीने ते बिनचूक बसतं: जिला धैर्य म्हणून कुणीतरी दुसरं शोधायचं होतं त्या केटला कळतं की ती स्वतःच धैर्य आहे. पण त्यासाठी हाच ब्रूस खर्ची घालायला हवा होता का? मला वाटतं, नाही. चांगल्या बाजूचा हाडामांसाचा ब्रूस करायला त्याला कधी मिळालं नाही. १० नोव्हेंबर २०२२ रोजी तो गेला. अभिनयात मात्र खोट काढायला जागा नाही. तोच आवाज इतक्या थकलेल्या सुरात ऐकताना अंगावर येतो.

१०. एरिका ड्युरन्स पहिल्या भागात सुपरगर्लची आई आणि दुसऱ्यात लोइस लेन? ही चूक नाही का?

चूक नाही. ‘सुपरगर्ल’च्या तिसऱ्या सीझनपासून अलुराची, म्हणजे काराच्या आईची भूमिका लॉरा बेनान्टीकडून ड्युरन्सकडे आली होती. पहिल्या भागात ती अलुरा म्हणून आर्गो नगरीसोबत नष्ट होते आणि दुसऱ्यात ‘स्मॉलव्हिल’ची लोइस म्हणून परतते. या विश्वात चेहरा सारखा म्हणजे माणूस एकच असं कधीच धरू नका.

११. जॉन क्रायरचा लेक्स लूथर तर नवा आहे. त्याला जुन्या कलाकारांत का मोजतात?

१९८७च्या चौथ्या सुपरमॅनपटात तो लेक्सचा पुतण्या लेनी लूथर होता. बत्तीस वर्षांनी पुतण्याचा काका झाला. ॲरोव्हर्सला ही हौसच होती. १९८४च्या ‘सुपरगर्ल’ चित्रपटातली नायिका हेलन स्लेटर मालिकेत काराची पाळणारी आई झाली, नव्वदच्या दशकातला सुपरमॅन डीन केन तिचा नवरा. पण हे नव्या भूमिकांत आलेले जुने चेहरे आहेत. प्रश्न ५मधली यादी जुन्याच भूमिकेत परतलेल्यांची आहे, म्हणून क्रायर तिच्यात नाही.

१२. बर्ट वॉर्ड, रॉबर्ट वूल, ॲशली स्कॉट: काही सेकंदांसाठी का?

कारण त्यांचं काम एवढंच: आकाश लाल झालेलं बघायचं आणि विश्वासकट पुसलं जायचं. बर्ट वॉर्ड रॉबिनच्या पोशाखात नाही, कुत्र्याला फिरवणारा म्हातारा डिक ग्रेसन (रॉबिनचं खरं नाव) म्हणून दिसतो, आणि ‘होली’ने सुरू होणारा त्याचा जुना उद्गार काढतो. त्याचा बॅटमॅन, ॲडम वेस्ट, २०१७मध्येच गेला होता. १९६६-६८च्या त्या मालिकेचे १२० भाग पाहिलेल्या माणसाला तो एक उद्गार पुरे.

खरं सांगायचं तर हे तुकडे हजेरीपटावर सही केल्यासारखे आहेत. नाव लागलं, पुढे चला. त्यातल्या त्यात हंट्रेसचा तुकडा हुकलेला वाटतो. तेरा भागांत संपलेल्या मालिकेची नायिका सतरा वर्षांनी आणायची आणि तिला धड एक वाक्य बोलू द्यायचं नाही?

१३. ‘लूसिफर’ तर दुसऱ्या वाहिनीची मालिका. टॉम एलिस इथे कसा?

‘लूसिफर’ फॉक्सवर सुरू झाली, २०१८मध्ये तिथून बंद झाली आणि नेटफ्लिक्सने उचलली. पण बनवणारी कंपनी वॉर्नर ब्रदर्स आणि मूळ पात्र डीसीचं, त्यामुळे दार आतूनच उघडं होतं. कॉन्स्टंटिन, ऑलिव्हरची मुलगी मिया आणि त्याचा मित्र डिगल हे मेलेल्या ऑलिव्हरच्या आत्म्यासाठी (प्रश्न १८) त्याच्याकडे येतात, तो कॉन्स्टंटिनचं जुनं देणं फेडतो. प्रसंग ‘लूसिफर’ मालिकेच्या आधीच्या काळातला आहे, म्हणून तिच्या कथेला धक्का लागत नाही.

१४. चौथ्या भागातला तो दुसरा फ्लॅश कोण? हेही ‘परत येणं’ धरायचं का?

तो एझ्रा मिलर, २०१७च्या ‘जस्टिस लीग’मधला बॅरी ॲलन. भाग प्रसारित होईपर्यंत ही गोष्ट गुपित ठेवली होती. फ्लॅशला वेग देणाऱ्या ‘स्पीड फोर्स’मध्ये दोन बॅरी अचानक समोरासमोर येतात, एकमेकांचे पोशाख न्याहाळतात, आणि ‘फ्लॅश’ हे नाव चित्रपटातल्या बॅरीला मालिकेतल्या बॅरीकडून मिळतं. मोठ्या पडद्याने छोट्या पडद्याकडून उसनं घेतल्याचं हे दुर्मिळ उदाहरण. परतफेड झाली नाही. २०२३च्या ‘द फ्लॅश’ चित्रपटात ग्रँट गस्टिन नाही.

१५. कोण आलं नाही?

‘स्मॉलव्हिल’चा लेक्स, मायकल रोझेनबॉम. पटकथा न दाखवता, काय करायचं तेही न सांगता विचारणा झाली म्हणून नकार दिला, असं त्याने स्वतःच जाहीर केलं होतं. सत्तरच्या दशकातली वंडर वुमन लिंडा कार्टर ‘सुपरगर्ल’मध्ये अमेरिकेची अध्यक्ष होऊन गेली होती, पण ‘क्रायसिस’मध्ये वंडर वुमन म्हणून दिसली नाही. १९८९चा बॅटमॅन मायकल कीटनही नाही. त्याच्या विश्वातला फक्त पत्रकार आला.

१६. ‘टायटन्स’ आणि ‘स्टारगर्ल’चे कलाकारही होते ना? यादीत का नाहीत?

कारण त्यांनी ‘क्रायसिस’साठी काम केलं नाही. पहिल्या भागात ‘टायटन्स’चे हॉक आणि जेसन टॉड दिसतात ते त्यांच्याच मालिकेच्या चित्रणातून उचललेले आहेत. पाचव्या भागाच्या शेवटी नव्याने जन्मलेली विश्वं दाखवताना ‘डूम पेट्रोल’, ‘स्वॅम्प थिंग’ वगैरेंचे तुकडेही असेच. ‘स्टारगर्ल’ तर तेव्हा सुरूही व्हायची होती, म्हणजे ती झलक आगामी आकर्षणाची. या शेवटच्या तुकड्यांत राउथचा सुपरमॅन मात्र खरा, आणि छातीवर पुन्हा पिवळा रंग.

१७. वेंटवर्थ मिलर आला होता की नव्हता?

आवाज आला, माणूस आला नाही. अर्थ-७४वरच्या वेव्हरायडर या ‘लेजंड्स’च्या जहाजाची संगणकप्रणाली लेनर्ड स्नार्टच्या, म्हणजे मिलरच्या जुन्या पात्राच्या आवाजात बोलते. तिथला मिक रोरी एकटा पडलाय आणि मेलेल्या मित्राचा आवाज जहाजाला देऊन बसलाय. विनोद म्हणून लिहिलंय, ऐकताना हसू येत नाही.

१८. ऑलिव्हर क्वीन नक्की किती वेळा मरतो?

दोनदा. पहिल्या भागाच्या शेवटी अर्थ-३८च्या माणसांना निघायला वेळ मिळावा म्हणून लढताना. दुसऱ्यात मेलेल्यांना उठवणाऱ्या लाझरस कुंडातून शरीर उठतं पण आत्मा येत नाही. तिसऱ्यात आत्मा ‘स्पेक्टर’ ही दैवी शक्ती स्वीकारतो. चौथ्यात स्पेक्टर म्हणून नवं विश्व पेटवून तो पुन्हा जातो. कॉमिकमध्ये बळी जातात सुपरगर्ल आणि फ्लॅश. मालिकेत सुपरगर्ल वाचते, फ्लॅशचा वाटा शिपने उचललेला (प्रश्न ८), आणि कॉमिकमध्ये केंद्रस्थानी नसलेला ॲरो इथे नायक होतो. ज्या मालिकेने हे विश्व उभं केलं तिचा शेवटचा सीझन चालू होता, तेव्हा तो मान तिचाच. मूळ लेखक मार्व्ह वुल्फमन याने चौथा भाग मार्क गुगेनहाइमसोबत लिहिला, त्यामुळे बदलाला घरच्यांची संमती होती म्हणायची.

स्टीफन अमेल त्यानंतरही दिसला. एप्रिल २०२३मध्ये, ‘द फ्लॅश’च्या शेवटच्या सीझनच्या नवव्या भागात.

१९. ‘ॲरो’च्या शेवटच्या भागातही सगळे मेलेले परत येतात. तो ‘क्रायसिस’चाच भाग का?

‘फेडआउट’ हा २८ जानेवारी २०२०चा भाग वेगळा आहे, पण ‘क्रायसिस’शिवाय तो शक्य नव्हता. नवं विश्व घडवताना ऑलिव्हरने काही माणसं जिवंत ठेवली: आई मोइरा, मित्र टॉमी, क्वेंटिन लान्स. म्हणून सुझाना थॉम्पसन, कॉलिन डोनेल, पॉल ब्लॅकथॉर्न पुन्हा दिसतात, आणि आदल्या सीझनला मालिका सोडून गेलेली एमिली बेट रिकर्ड्स ऑलिव्हरची बायको फेलिसिटी म्हणून येते. ‘क्रायसिस’चे पाहुणे दुसऱ्या विश्वांचे होते, हे आपल्याच घरातले. मला विचाराल तर ज्याने ‘ॲरो’ नेमाने पाहिली त्याला हाच भाग जास्त रडवेल.

२०. शेवटी सगळे एका पृथ्वीवर आले. मग ‘सुपरमॅन अँड लोइस’ वेगळी कशी?

पाचव्या भागात अर्थ-१, अर्थ-३८ आणि ब्लॅक लाइटनिंगचं विश्व मिळून अर्थ-प्राइम होतं. त्यामुळे टायलर हेक्लिन आणि बिट्सी टलक यांची २०२१ची मालिका त्याच पृथ्वीवर असणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं. दुसऱ्या सीझनच्या अखेरीस, जून २०२२मध्ये, डिगल येऊन स्पष्ट करतो की ही पृथ्वी वेगळी आहे. म्हणजे नट तेच, नावं तीच, पण ‘क्रायसिस’मध्ये लढलेले क्लार्क आणि लोइस ते हे नव्हेत. प्रश्न १०चा नियम इथेही लागू.

२१. अगदी शेवटी रिकाम्या पिंजऱ्यातून येणारा तो आवाज कसला?

माकडाचा. पिंजऱ्यावरचं नाव वाचा: ग्लीक. सगळे हिरो ज्या सभागृहात गोल टेबलाभोवती बसतात ते १९७३च्या ‘सुपर फ्रेंड्स’ या कार्टूनमधलं ‘हॉल ऑफ जस्टिस’ आहे. त्याचा आराखडा सिनसिनाटीच्या युनियन टर्मिनल या खऱ्या रेल्वे स्थानकावरून सुचलेला. ग्लीक हे त्याच कार्टूनमध्ये १९७७साली आलेलं निळं माकड. नट नाही, आवाजही धड नाही, फक्त उघडा पिंजरा आणि चीत्कार. या माकडाचं नाव प्रश्न ५च्या यादीत घालायचं की नाही ते तुम्हीच ठरवा.